पोलिसांनी समुपदेशकाकडे कसं जावं: मराठवाड्यातल्या अंमलदारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझे वडील लातूर जिल्हा पोलिसात शिपाई होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जनाचा बंदोबस्त होता. रात्री उशिरा घरी आले, बूट काढून आडवे झाले आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. उजाडायच्या आत ते पुन्हा वर्दीत होते. पुढचे किती दिवस त्यांनी ढिगाऱ्यातून माणसं काढली, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते एवढंच, की त्यानंतर कित्येक वर्षं ते स्लॅबखाली झोपले नाहीत, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये खाट टाकायचे. फिनाईलचा वास आला की ताटावरून उठायचे. अनंत चतुर्दशी जवळ आली की आई आम्हाला म्हणायची, "बापाच्या वाटंला जाऊ नका आठ दिवस."

त्या सगळ्याला एक नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे मला समुपदेशनाचं शिक्षण घेताना कळलं. तोवर वडील निवृत्त झाले होते.

आता माझ्याकडे पोलीस येतात, त्यांच्या बायका येतात, कधी मुलं येतात. पोलिसांना मानसिक आरोग्याची माहिती नसते असं नाही. रोज दुसऱ्यांच्या घरातली भांडणं, दारू, आत्महत्या बघणाऱ्या माणसाला हे सगळं चांगलं कळतं. तो येत नाही, कारण गोष्ट ठाण्यात फुटेल, पोलीस लाईनीत (पोलिसांच्या वसाहतीत) फुटेल, 'डोक्यावर परिणाम झालाय' असा शिक्का बसेल आणि बढतीच्या वेळी कुणीतरी तो काढून दाखवेल, ही भीती असते. म्हणून या लेखातल्या पायऱ्या मी मुद्दाम अशा लावल्यात, की पहिल्या तीन-चार पायऱ्यांना कुणाची परवानगी लागत नाही आणि कार्यालयात एकही कागद जात नाही.

पहिली पायरी: थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, ते बघा

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस कायम ड्युटीवर आहे असंच मानलं जातं. त्यामुळे थकवा तर असणारच. वेरूळची महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी, तुळजापूरचं नवरात्र, मग आषाढीला पंढरपूर, मध्ये निवडणूक, मध्ये आंदोलन. अशा बंदोबस्तानंतर दोन दिवस झोप काढली, घरचं जेवण झालं, की माणूस ताजातवाना होत असेल तर तो थकवा. झोपूनही मोकळं वाटत नसेल, किंवा झोपच लागत नसेल, तर पुढचं वाचा.

दोन आठवड्यांचा हिशोब ठेवा. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही. जेवण तुटलंय किंवा भलतंच वाढलंय. साध्या स्टेशन डायरीच्या नोंदीत चुका होतायत. आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतंय. यातल्या बऱ्याच गोष्टी जुळत असतील तर ते नैराश्य असू शकतं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टर वापरतात, मराठीतही मिळते. तिचे गुण ० ते २७ मध्ये मोजतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर तपासून घ्यावं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही असेल, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

पोलिसांत मात्र नैराश्य रडण्यातून फार कमी वेळा दिसतं. ते रागातून दिसतं. बायको सांगते, "आधी असे नव्हते हो, आता पाण्याचा गिलास उशिरा दिला तरी अंगावर धावून यायलेत." छातीत धडधड होते म्हणून ईसीजी झालेला असतो, तो चांगला असतो. पोट बिघडलेलं असतं, पाठ धरलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी त्याआधी दोन-तीन डॉक्टर केलेले असतात.

दुसरा प्रकार एखाद्या घटनेनंतरचा. अपघात, दंगल, लहान मुलाचा मृतदेह, सहकाऱ्याचा मृत्यू. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, स्वप्नं पडणं, आवाजाला दचकणं, ती जागा टाळणं, हे पहिले काही दिवस कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. एक महिना उलटूनही ते तसंच असेल, तर त्याला आघातोत्तर ताणाचा आजार म्हणतात. माझ्या वडिलांचं पत्र्याचं शेड यातच येतं. माझ्याकडे येणाऱ्या एका अंमलदाराने (तपशील बदललेत) एका वळणावरचा अपघात हाताळल्यानंतर ठाण्यात यायला आठ किलोमीटर लांबचा रस्ता धरला होता. दोन वर्षं तो स्वतःला सांगत होता, की हा रस्ता चांगला आहे.

आणि एक गोष्ट आपल्या मराठवाड्याची. शेतकऱ्याने आत्महत्या केली की अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, पंचनाम्याला जातो. त्या वाड्यात, त्या गोठ्यात, त्या बाईसमोर उभं राहून तो लिहितो. खिशातली चिठ्ठी काढून वाचतो. आणि हा अंमलदार बहुतेक वेळा स्वतः शेतकऱ्याचाच मुलगा असतो. त्याच्या घरीही सोयाबीन पडून आहे, बापाच्या नावावर बँकेचं कर्ज आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय. पंचनामा करून निघाला की तो पहिला फोन बापाला लावतो आणि भलतंच काहीतरी विचारतो, "जेवलाव का?" एकाने मला सांगितलं, की आठ वर्षांत असे किती पंचनामे केले ते त्याने मोजणं सोडून दिलं, पण प्रत्येक घराचं दार त्याला आठवतं. एका मोठ्या घटनेने माणूस हलतो हे सगळ्यांना पटतं. पंधरा दिवसांतून एकदा, वर्षानुवर्षं, थेंबाथेंबाने साचणाऱ्या या ओझ्याला मात्र कुणी 'घटना' म्हणत नाही, म्हणून त्यासाठी रजाही मिळत नाही आणि चौकशीही होत नाही. तुम्ही बीटवर असाल, तर हे तुमच्या हिशोबात धरा.

दुसरी पायरी: आजच काही करायला हवं का?

मरणाचे विचार येत असतील, तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा. १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. धोका समोर उभा असेल, तर ११२, किंवा सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात. एकट्याने जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.

शस्त्राचं स्पष्ट बोलते, कारण इथे संकोच करून चालत नाही. गार्ड, एस्कॉर्ट, राज्य राखीव दल, अंगरक्षक, अशा ड्युटीत शस्त्र हाताशी असतं. आत्महत्येचा तीव्र विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता येतो. तो काळ साधनापासून लांब राहून निघाला, तर जीव वाचतो. जगभरच्या अनुभवातून पक्की ठरलेली ही गोष्ट आहे. म्हणून तुम्हाला असे विचार येत असतील, तर शस्त्र जमा करा आणि काही दिवस वायरलेस, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), टपाल अशी कुठली तरी विनाशस्त्र ड्युटी मागा. कारण सांगायची हिंमत होत नसेल, तर 'चक्कर येते, औषध चालू आहे' एवढंही पुरतं. सहकाऱ्याबद्दल शंका असेल, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावा असं काही मनात येतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

कायद्याची भीती तुम्हाला घालायला नको, पण तीही काढून टाकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ गेलं. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम २२६ तेवढं उरलं. त्याच्याही आधी, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलंय आणि त्याची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य ठरवलंय. लोकांच्या बाबतीत हे तुम्ही ठाण्यात बसून लावता, स्वतःलाही लावा.

तिसरी पायरी: कुणाकडे जायचं

आपल्याकडे सगळ्यांनाच 'डोक्याचे डॉक्टर' म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे एमडी झालेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तपासणी आणि उपचारपद्धतीने बोलून इलाज करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक म्हणजे माझ्यासारखे, मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. ताण, नात्यातले प्रश्न, राग, सौम्य नैराश्य, इथपर्यंत आमचं काम, आणि त्यापुढचं दिसलं की डॉक्टरांकडे पाठवणं हेही आमचंच काम. जो समुपदेशक 'औषधाची काही गरज नाही, सगळं मनावर आहे' म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आता जागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग जिल्हा रुग्णालयात असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. छत्रपती संभाजीनगरला घाटी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, इथे मनोविकार विभाग आहेत.

यात पोलिसासाठी एक अडचण आहे, ती मी ओळखते. स्वतःच्या जिल्ह्यातल्या सिव्हिलला तो रोज मेडिकलसाठी आरोपी घेऊन जातो. शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळे त्याला ओळखतात. मनोविकार विभागाच्या बाकावर तो बसला, की संध्याकाळपर्यंत ठाण्यात चहाबरोबर चर्चा होते. म्हणून माझा सरळ सल्ला असा: पहिल्या वेळी शेजारच्या जिल्ह्यात जा. परभणीचा माणूस नांदेडला, बीडचा अंबाजोगाई सोडून संभाजीनगरला, हिंगोलीचा नांदेडला, धाराशिवचा लातूरला. जालन्याहून संभाजीनगर तर तासाभरावर. साध्या कपड्यात, एसटीने किंवा रेल्वेने. एवढ्या लांब कशाला असं घरचे म्हणतील. पहिलं दार ओलांडणं सोपं व्हावं एवढ्यासाठीच. तीन-चार भेटी झाल्या, की माणूस स्वतःच म्हणतो, "आता इथल्याच दवाखान्यात येतो मॅडम, कुणी बघितलं तर बघू दे."

चौथी पायरी: पहिला फोन आणि पहिली भेट

फोनवर कहाणी सांगायची गरज नाही. एवढं विचारा: पहिली भेट किती वेळाची, पैसे किती, संध्याकाळी किंवा रविवारी वेळ मिळेल का, ऐन वेळी बंदोबस्त लागला तर काय, आणि माझी माहिती कुणाला दिली जाते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा नंबर बघा.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: झोप किती आणि कधीपासून बिघडली, चालू असलेली सगळी औषधं, दारू-गुटखा-तंबाखू किती, आणि घरात कुणाला असा त्रास होता का. दारूचा आकडा खरा सांगा. आरोपी सांगतो तसा अर्ध्यावर आणू नका. औषधाचा डोस त्यावर ठरतो.

पोलीस खुर्चीत बसला की पहिली वीस मिनिटं बहुतेक वेळा समुपदेशकाचीच चौकशी करतो. शिक्षण कुठलं, गाव कोणतं, कुणाला ओळखता. मला त्याचा राग येत नाही. आयुष्यभर ज्याने समोरच्यावर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतला, त्याला वीस मिनिटं लागणारच. दुसरी सवय म्हणजे जबाबासारखं बोलणं: "दिनांक अमुक रोजी मी तमुक ठिकाणी हजर असताना..." बोला तसंच. भावनेचा शब्द सापडत नसेल, तर अंगात काय होतं ते सांगा. हात थंड पडतात, घशात गोळा येतो, कान तापतात. तिथून पुढचं शोधणं आमचं काम.

गुप्ततेबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच उभं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय. साहेबांनी फोन करून विचारलं, तरी 'हो, तो येतो' एवढंही सांगायचं नसतं. याला अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, बालकाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती निघाली तर पोक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. हे तुम्हाला माहीतच आहे, तरी समुपदेशकाने पहिल्याच भेटीत ते बोलून दाखवायला हवं.

आणि एक फरक, जो कुणी सांगत नाही. वरिष्ठांनी तुम्हाला लेखी पत्राने 'तपासणीसाठी' पाठवलं असेल, तर ते समुपदेशन नाही. ती कामासाठी तुम्ही योग्य आहात का याची तपासणी आहे, आणि तिचा अहवाल कार्यालयात जातो. तिथे खोटं बोलू नका, पण बसण्याआधी विचारा, "हा अहवाल कुणाकडे जाणार, त्यात काय लिहिणार?" दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं, त्याच्याच हातात तुमच्या ड्युटीचा निर्णय असला, तर मोकळं कोण होईल?

पाचवी पायरी: भेटी सुरू झाल्यावर

साधारण सहा ते बारा भेटी धरा, आठवड्याला किंवा पंधरा दिवसांला एक, प्रत्येकी पाऊण तास. पोलिसाला सलग बारा आठवडे मोकळे मिळत नाहीत, म्हणून मी मधल्या भेटी फोनवर घेते. फोनवरच्या भेटीला लाईनीतल्या खोलीत बसू नका, भिंती पातळ असतात. शेतात, देवळामागे, मोटारसायकल बाजूला लावून झाडाखाली बसा.

नुसतं ऐकून घेणं म्हणजे उपचार नाही. नैराश्यात आम्ही दिवसाची छोटी आखणी करतो: सकाळी वीस मिनिटं चालणं, एका मित्राला फोन, मुलीला शाळेत सोडणं. 'मन झालं की करीन' हे उलटं आहे. आधी करायचं, मन मागून येतं. डोक्यात फिरणारी वाक्यं कागदावर उतरवून तपासतो, पुरावा मागतो. हा भाग पोलिसांना फार पटकन जमतो. एका फौजदाराने 'माझ्यामुळेच तो मुलगा गेला' या वाक्याचा रीतसर तपास केला. बाजूने काय, विरुद्ध काय, सगळं दोन रकान्यांत. शेवटी म्हणाला, "मॅडम, यात माझ्यावर चार्जशीट होत नाही."

आघाताच्या आजारात टाळलेल्या गोष्टीकडे हळूहळू परत जावं लागतं, तज्ज्ञाच्या सोबतीने, ठरवलेल्या टप्प्यांनी. आठ किलोमीटरचा वळसा घेणारा तो अंमलदार आधी नुसतं त्या वळणाचं नाव लिहायला शिकला, मग दुपारी मित्राबरोबर तिथून गेला, मग एकटा, मग रात्री. पाच महिने लागले.

आंदोलनाच्या बंदोबस्ताचा ताण निराळा असतो. समोर आपल्याच गावचे, कधी नात्यातले लोक. आदेश मानला तरी मन खातं, नाही मानला तर नोकरी. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, त्यात आंदोलकही जखमी झाले आणि पोलीसही. त्यानंतर अनेक पोलिसांच्या घरी लग्नाकार्यात बोलणं बंद झालं. याला औषध नाही. जे केलं, जे करावं लागलं आणि जे करायला नको होतं, ते वेगवेगळं करून, न घाबरता बोलावं लागतं. हे काम सावकाश होतं.

झोपेचं थोडं सविस्तर, कारण ती सुधारली की निम्मी लढाई सोपी होते. नाईट संपवून घरी जाताना गॉगल लावा, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू जागा होतो. झोपायच्या पाच-सहा तास आधी शेवटचा चहा. ड्युटी कितीही बदलली, तरी चोवीस तासांतले चार तास असे निवडा जे बहुतेक दिवशी झोपेचेच राहतील, उदाहरणार्थ पहाटे चार ते आठ किंवा सकाळी आठ ते बारा, आणि बाकीची झोप त्याला जोडा. खिडकीला गोधडी बांधा. मे महिन्यात पत्रा तापतो, तेव्हा शेजारी कुणाच्या खालच्या मजल्यावर सोय होते का बघा, यात कसली लाज? बंदोबस्तावर वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर घ्या, त्याहून लांबली की डोकं जड होतं. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतील, तर मोटारसायकल चालवू नका.

घटनास्थळीच धडधड सुरू झाली, तर चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा. कुणाला दिसतही नाही.

दारू. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू पहिल्या दोन तासांत झोप आणते आणि नंतरची सगळी झोप मोडते. कमी करायचीच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

मेडिकलवरून झोपेची गोळी मागून घेऊ नका. वर्दी बघून चिठ्ठी न विचारता दुकानदार देतो, आणि अल्प्राझोलमसारख्या गोळीची सवय काही आठवड्यांत लागते. नैराश्यावर डॉक्टर जी औषधं देतात ती वेगळी, त्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून बंद करणारे मी खूप बघितले. बंद करतानाही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. गुंगी येत असेल तर ते सांगा, गाडी आणि शस्त्र दोन्हीचा प्रश्न आहे.

सहावी पायरी: रजा आणि कागद

इथून कार्यालयाचा संबंध येतो. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परावर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. प्रमाणपत्रावर काय लिहिलं जाणार, ते डॉक्टरांशी आधी बोला. खोटं निदान मागू नका, ते पुढे तुमच्याच अंगाशी येतं. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती किंवा महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना वापरायची असेल, तर कागद कार्यालयातून जातील, हे धरून चाला. मोफत ओपीडीचा कागद तुमच्या खिशातच राहतो. ज्याला जे परवडेल ते त्याने निवडावं.

महिला अंमलदारांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्रासाचं मूळ वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं वागणं असेल, तर समुपदेशनाने तुम्हाला बळ येईल, पण तो प्रश्न तुमच्या मनाचा नाही. त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत तक्रार समिती आहे. बारा तास बंदोबस्तावर बाथरूम नाही म्हणून पाणी न पिणारी, तान्हं बाळ सासूकडे ठेवून आलेली बाई 'मी कमी पडते' म्हणत माझ्यापुढे रडते, तेव्हा मी तिला आधी श्वास मोजायला शिकवत नाही. तिला ड्युटीचा अर्ज लिहायला बसवते.

ठाणेदारांसाठी, थोडक्यात पण मनापासून

८ मे २०२० ला करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. अशा ठिकाणी रुळावरून सगळं गोळा करणारे हात पोलिसांचेच असतात. तसल्या प्रसंगानंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून 'काय काय बघितलं ते सांगा' असं बोलायला लावू नका. सक्तीने लगेच बोलतं करण्याचा फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ते सुचवत नाही. त्याऐवजी पाणी, चहा, हात-तोंड धुवायला साबण, कपडे बदलायला जागा, घरी एक फोन. त्या रात्री त्याच माणसांना नाईट लावू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकट्याने विचारा, "झोप लागली का?" हाच प्रश्न एका महिन्यानंतर पुन्हा विचारा, आणि ती तारीख आजच डायरीत टाका. महिन्यानंतरचा प्रश्न सगळे विसरतात, आणि खरा आजार तेव्हाच दिसतो. एकाच माणसाला अकस्मात मृत्यूचे सलग पंचनामे देऊ नका, फिरवून द्या.

हॉलमध्ये दोनशे जण बसवून घेतलेलं ताणतणावाचं व्याख्यान मीही देते. त्याला समुपदेशन समजू नका. व्याख्यानाचा उपयोग एवढाच, की ते संपल्यावर पार्किंगमध्ये एखादा जवळ येतो आणि नंबर घेऊन जातो. त्या नंबरवर तो साध्या कपड्यात, कुणाला न सांगता जाऊ शकेल, एवढा अर्धा दिवस त्याला द्या आणि कारण विचारू नका.

घरच्यांसाठी

'वेड्यासारखं करायलाव, दवाखान्यात चला' म्हणू नका. तो दार आपटून निघून जाईल. वेळ निवडा, सुट्टीच्या दुपारी, मुलं बाहेर असताना, आणि जे दिसलं तेच सांगा: "महिना झाला तुम्ही तीनला उठून बसताय, मला भीती वाटायलीय." निदान करू नका, झोप या शब्दापासून सुरुवात करा. झोपेसाठी डॉक्टरकडे जायला पोलीस नाही म्हणत नाही. तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या या, माझ्याकडच्या निम्म्या गोष्टी अशाच सुरू झाल्या. आणि घरात मारहाण होत असेल, तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. नवरा पोलीस आहे म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही.

भेट ठरलेल्या दिवशी बंदोबस्त लागला, तर आदल्या संध्याकाळी एक फोन करा आणि त्याच फोनवर पुढची तारीख घ्या. 'नंतर बघू' म्हटलं की सहा महिने जातात, आणि मध्ये एक विसर्जन येऊन जातं.